घर विकलं जात नाही, मग भाड्यानं द्यायचं का?

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि शहरातल्या घरमालकांना बोलायला नवा विषय मिळाला. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातले वकील आता इकडे येणार, त्यांना राहायला जागा लागणार, म्हणजे भाडी वाढणार, असं गणित जो तो मांडू लागला. ज्यांच्या फ्लॅटवर वर्षभर 'विकणे आहे'ची पाटी लटकते आहे, त्यांना तर हा सुटकेचा रस्ताच वाटला. विकलं जात नाही ना, मग भाड्यानं देऊन टाकू.

त्यावर घरातलंच कुणीतरी वडीलधारं ठणकावतं, "भाडेकरू घातलास तर घर गेलं म्हणून समज." एजंट म्हणतो, "बिनधास्त द्या, ॲग्रीमेंट करून देतो." मुलगा पुण्यातून फोनवर म्हणतो, "बंद ठेवा, गिऱ्हाईक आलं की रिकामं घर दाखवता येईल." तिघांचंही थोडं थोडं खरं आहे. कुणाचं किती, ते बघू.

आधी घर का अडलंय ते शोधा

घर न विकण्याची कारणं ढोबळमानानं तीन असतात: दर, कागद आणि जागा. भाड्यानं देण्याचा उपयोग या तिघांवर सारखा होत नाही.

दर जास्त सांगितल्यामुळे घर अडलं असेल, तर भाडं तुम्हाला वेळ मिळवून देतं. दर आपोआप वाढवून देत नाही. शेजारच्या इमारतीतला फ्लॅट कितीला गेला, हे एजंटाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा नोंदणी झालेल्या दस्तांवरून बघा. दुय्यम निबंधक कार्यालयात आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्तांचा शोध घेता येतो. दस्तातला आकडा नेहमी पूर्ण व्यवहाराचा असतोच असं नाही, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. पण अंदाज येतो.

कागद अडला असेल, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव आहे, एका बहिणीची सही बाकी आहे, किंवा जागा गुंठेवारीतली, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरची आहे, तर भाडेकरू आणून तो प्रश्न सुटत नाही. उलट पैसे सुरू झाले की वारसांमध्ये भाड्याच्या वाटणीवरून नवं भांडण लागतं.

तिसरं कारण जागेचं. इथं मात्र भाड्याचा मार्ग खरोखर कामाचा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी या दोन्ही रेषांच्या कितीतरी वर गेलं, आणि तेव्हापासून पूरपट्ट्यातलं घर बघायला येणारा माणूस हॉल-किचन बघण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा शोधतो. नागाळा पार्क, रमणमळा, दुधाळी या बाजूला ज्यांनी घर विकायला काढलंय त्यांना हे पाठ झालं असेल. विकत घेणारा पुढच्या तीस-चाळीस पावसाळ्यांचा विचार करत असतो. भाड्यानं राहणारा एक किंवा दोन पावसाळ्यांचा. त्यामुळे एकाला नको असलेलं घर दुसऱ्याला चालतं, शाळा जवळ आहे, स्टँड जवळ आहे म्हणून आवडतंही. फक्त पाणी कुठवर येतं ते लपवू नका. पूर आला तर त्या दिवसांचं भाडं कसं धरायचं आणि सामान वर न्यायला जिना-गच्ची मिळणार का, हे करारातच लिहा.

भाडं म्हणजे नफा नव्हे

बाजार समितीत दर पडला की गुळाचा व्यापारी माल कोल्ड स्टोरेजला ठेवतो. पण दर वाढेल या आशेवर तो डोळे झाकून थांबत नाही; साठवणुकीचं भाडं आणि अडकलेल्या पैशाचं व्याज रोज मोजतो, आणि थांबणं महाग पडायला लागलं की माल काढतो. घराच्या बाबतीत आपण नेमकं हेच मोजत नाही.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. फ्लॅटचा दर तुम्ही ४५ लाख सांगताय. गिऱ्हाईक ४२ लाखांवर अडलंय. तुम्ही नाही म्हणालात आणि बारा हजार रुपये महिन्यानं भाड्यानं दिलात. वर्षाला १ लाख ४४ हजार. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत महिनाभर घर रिकामं राहतं असं धरू, म्हणजे बारा हजार गेले. घरफाळा, मेंटेनन्स, नळ-रंगाची किरकोळ दुरुस्ती मिळून चोवीस हजार. हातात राहिले १ लाख ८ हजार.

आता ४२ लाख घेऊन साडेसहा टक्क्यांनी बँकेत ठेवले असते तर वर्षाचं व्याज झालं असतं २ लाख ७३ हजार. म्हणजे भाडं घेऊनही तुमचं थांबणं वर्षाला १ लाख ६५ हजारांना पडलं. आणि घर बंद ठेवलं असतं तर? व्याज गेलं, वर घरफाळा आणि मेंटेनन्स खिशातून. मिळून जवळजवळ तीन लाख.

याचा अर्थ असा की, तीन लाख जास्त मिळावेत म्हणून घर बंद ठेवणाऱ्याला वर्षभराच्या आत ४५ लाखांचं गिऱ्हाईक मिळायलाच हवं, नाहीतर हट्ट तोट्याचा. भाड्यानं देणाऱ्याला तीच बरोबरी साधायला साधारण पावणेदोन वर्षं मिळतात. भाड्याचं खरं मोल हे. त्यातून श्रीमंती येत नाही, वाट बघायची ताकद येते. कर धरला तर आकडे थोडे सरकतील, कारण व्याजावर पूर्ण कर लागतो आणि भाड्यावर सूट मिळते. पण चित्र बदलत नाही. तुमच्या घराचे आकडे घालून हा हिशेब कागदावर मांडा. माझ्या मते पाटी बदलण्याआधी करायचं काम हे एकच आहे.

बंद घराचा एक खर्च या हिशेबात येत नाही. कोल्हापूरचा एक पावसाळा घर बंद राहिलं की काय होतं ते किल्ली घेऊन गेल्याशिवाय कळत नाही. बाथरूमच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये जे पाणी साचलेलं असतं तेच गटाराचा वास अडवत असतं. नळ वापरात नसले की ते आटतं, मग वास आणि झुरळं दोन्ही वर येतात. दरवाजा फुगून चौकटीत अडकतो, पश्चिमेच्या भिंतीला ओलीचा पोपडा धरतो. रविवारी गिऱ्हाईक येतं, एजंट खांद्यानं दार ढकलतो, आणि आत पाऊल टाकताच गिऱ्हाईकाच्या बायकोचा पदर नाकाला जातो. त्यानंतर तुम्ही टाइल्स कुठल्या कंपनीच्या ते सांगत बसा.

"भाडेकरू बसला तर निघत नाही"

या भीतीला इतिहास आहे. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा भाडेकरूच्या बाजूनं इतका घट्ट होता की भाडं वाढवणंही अवघड आणि माणूस काढणंही अवघड. त्यातून पळवाट म्हणून मालक 'भाडं' न म्हणता 'परवाना' म्हणू लागले. मग १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक अशा परवान्यावर जागेत राहत होते, त्यांना थेट भाडेकरूचं संरक्षण मिळालं. ज्यांनी कागद करून निर्धास्त जागा दिली होती, त्यांच्या हातात कागदच उरला. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यांत किरकोळ भाड्यावर वर्षानुवर्षं राहिलेली बिऱ्हाडं आपल्या आजोबांनी बघितली. त्यांचा सल्ला तिथून येतो.

पण तो कायदा आता नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आज एजंट ज्याला 'ॲग्रीमेंट' म्हणतो तो असतो 'लिव्ह अँड लायसन्स'चा करार, म्हणजे ठरावीक काळ जागा वापरायची परवानगी. त्यातून जागेत हक्क तयार होत नाही. मुदत संपली की जागा परत द्यायची. नाही दिली तर मालकाला दिवाणी दाव्याच्या लांबलचक रांगेत उभं राहावं लागत नाही. कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. आणि मुदतीनंतर तो जितके दिवस राहील त्याची भरपाई करारातल्या दराच्या दुपटीनं द्यावी लागते. हे काम चुटकीसरशी होतं असं मी म्हणणार नाही, महिने जातात. पण पिढ्या जात नाहीत.

इथं एक बारकावा आहे, आणि सर्किट बेंचमुळे तो कोल्हापुरात जास्त महत्त्वाचा झालाय. कलम २४ चा हा झटपट मार्ग राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. वकिलानं फ्लॅट ऑफिससाठी घेतला तर तो मार्ग तुमच्यापुरता बंद. वर विजेचा घरगुती दर, इमारतीचे नियम, घरफाळ्याची आकारणी हे सगळे प्रश्न वेगळे. म्हणून जागा राहण्यासाठीच दिली आहे, हे करारात स्पष्ट लिहा आणि बाहेर ऑफिसची पाटी लागली तर त्याच आठवड्यात बोला.

"बारा वर्षं राहिला की घर त्याचं"

हे वाक्य कोल्हापुरात इतकं रुजलंय की शिकलेली माणसंही दर अकरा महिन्यांनी भाडेकरू बदलतात. बारा वर्षांची मुदत खरी आहे, ती मुदतीच्या कायद्यात आहे. पण ती अशा माणसासाठी, जो तुमची मालकी नाकारून, तुमच्या परवानगीशिवाय, उघडपणे जागा बळकावून बसलाय. जो दरमहा तुम्हाला भाडं देतो आणि ज्याच्या सहीचा करार तुमच्याकडे आहे, तो तुमच्या परवानगीनं राहतोय. तुमचं घर माझं आहे असं म्हणायला त्याला जागाच नाही.

खरा धोका वेगळा आहे. ओळखीतल्याला तोंडी राहू दिलं, कागद केला नाही, भाडं कधी रोख घेतलं तर कधी घेतलंच नाही, आणि मालक दहा वर्षं फिरकला नाही. अशा वेळी परवानगी कुणाची होती हेच सिद्ध करत बसावं लागतं. त्यामुळे पाव्हण्याला दिलं तरी करार करा आणि भाडं बँकेतून घ्या. पाव्हणा रुसला तर रुसू दे.

"अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी कशाला?"

एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, असं १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. ती टाळायला अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात त्या पळवाटेचा आता उपयोग नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मग मुदत कितीही असो. ही जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली, असा समज अजून सर्रास आहे. ती नोंदणी नव्हे.

खर्च किती? मुद्रांक शुल्क पाव टक्का. ते पूर्ण मुदतीच्या भाड्यावर, अधिक परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून होणाऱ्या रकमेवर. बारा हजार भाडं, अकरा महिने, पन्नास हजार डिपॉझिट असेल तर शुल्क साडेतीनशे रुपयांच्या आसपास येतं. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. घरबसल्या ऑनलाइन नोंदणीची सोय आहे. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो. आधारवरून ओळख पटते, म्हणून घरातल्या आजींच्या नावावर फ्लॅट असेल आणि भांडी घासून-घासून अंगठ्याच्या रेषा पुसल्या असतील, तर यंत्र चार-पाच वेळा नकार देतं. आधार आधीच अपडेट करून ठेवा, नाहीतर सगळे चहा पीत बसतात आणि आजी अंगठा पदराला पुसत राहतात.

मुदत साठ महिन्यांपर्यंत ठेवता येते. पण ज्याला घर विकायचंय त्यानं लांब मुदतीच्या मोहात पडू नये. अकरा महिने पुरे.

"आणि मधेच गिऱ्हाईक आलं तर?"

हा सगळ्यात रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर करार लिहिताना द्यायचं असतं, गिऱ्हाईक दारात आल्यावर नाही.

कायद्याची बाजू मालकाला सोयीची आहे. जागा विकली गेली तर नव्या मालकावर जुना परवाना बंधनकारक नसतो. पण तुम्ही राहणाऱ्याला मुदतीचा शब्द दिलेला असतो आणि त्याचे पैसे घेतलेले असतात, त्यामुळे त्याला मधेच उठवलं तर तो तुमच्याकडे भरपाई मागू शकतो. व्यवहारात तर आणखी एक अडचण असते: घेणाऱ्याला जागा रिकामी हवी असते, त्याची कर्ज देणारी बँकही तेच विचारते. मग घर विकायचंय हे भाडेकरूला पहिल्याच दिवशी सांगा. करारात लिहा की एक किंवा दोन महिन्यांची नोटीस देऊन दोघांपैकी कुणीही करार संपवू शकतो. घर दाखवायला आणायचं असेल तर एक दिवस आधी कळवून, ठरलेल्या वेळेत, असंही लिहा. अशा अटीवर राहणाऱ्याला थोडं भाडं सोडावं लागलं तर सोडा. हजारभर रुपये कमी घेऊन तुम्ही घर दाखवायची मोकळीक विकत घेताय, आणि ती स्वस्त आहे.

भाडेकरू नाराज असेल तर तो घर विकू देत नाही, त्यासाठी त्याला कायदा लागत नाही. गिऱ्हाईक जिन्यात असताना "पाण्याचा जरा त्रासच आहे हं इथं" एवढं म्हटलं तरी पुरतं.

कराचं काय?

भाड्यातून तुम्ही भरलेला घरफाळा वजा होतो, आणि उरलेल्या रकमेवर सरसकट तीस टक्के सूट मिळते. दुरुस्तीची बिलं दाखवायची गरज नाही. गृहकर्ज चालू असेल तर त्याचं व्याजही भाड्यातून वजा होतं. व्याज भाड्यापेक्षा जास्त झालं तर जुन्या कररचनेत त्या तोट्यातले दोन लाखांपर्यंत पगारासारख्या इतर उत्पन्नातून वजा करता येतात. नव्या रचनेत ती सोय नाही. कर्ज असेल तर भाड्यानं देण्याआधी बँकेच्या करारात काय अट आहे तेही वाचा.

भाड्यानं दिलेलं घर विकताना जास्त कर लागतो, ही मात्र अफवा. चोवीस महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असलेल्या घराचा नफा दीर्घकालीन धरतात, त्यात कोण राहत होतं याचा संबंध नाही. दर साडेबारा टक्के. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल तर, भारतात राहणाऱ्या व्यक्तीला, महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून वीस टक्क्यांचा जुना हिशेबही करून बघता येतो. जो कमी पडेल तो भरायचा. त्या नफ्यातून ठरलेल्या मुदतीत दुसरं घर घेतलं तर मिळणारी सूटही भाड्यामुळे जात नाही.

मालक परदेशात असेल तर भाडेकरूनं भाड्यातून कर कापून भरायचा असतो. भाडं थोडं असलं तरी हा नियम चुकत नाही, आणि तो माहीत नसल्यानं दोघांनाही नोटिसा येतात. मुलगा अमेरिकेत आणि फ्लॅट त्याच्या नावावर, अशी घरं कोल्हापुरात आता कमी नाहीत.

सोसायटी, पोलीस आणि शेजार

सहकारी गृहनिर्माण सोसायटीत घर भाड्यानं द्यायला परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. मालक राहत नाही म्हणून सोसायटी जादा पैसे घेऊ शकते, पण सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही; २००१ च्या सरकारी आदेशानं ती मर्यादा घातली आहे. कोल्हापुरात बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. तिथे डीड, म्हणजे इमारतीचं नोंदणीकृत घोषणापत्र, आणि असोसिएशनचे नियम बघायचे. विद्यार्थ्यांना द्यायचं नाही असा ठराव आधीच झालेला असू शकतो.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर द्या. घरफाळा विभागात आधीच विचारून या, कारण मालक स्वतः राहतो की दुसरा कुणी, यावर आकारणी बदलू शकते. महावितरणच्या ग्राहक क्रमांकाला स्वतःचाच मोबाइल जोडलेला ठेवा, म्हणजे बिल थकलं तर तुम्हाला आधी कळेल. पाणीपट्टी बहुतेक मालक विसरतात आणि विकताना थकबाकी निघते.

कुणाला द्यायचं, हा ज्याच्या त्याच्या पसंतीचा भाग. विद्यापीठाच्या बाजूला, सागरमाळ-राजारामपुरीकडे, विद्यार्थी मिळतात. भाडं एकत्रितपणे बरं येतं, पण भिंती दरवर्षी रंगवाव्या लागतात. उजळाईवाडी, उचगावकडे गोकुळ शिरगाव आणि शिरोली एमआयडीसीतली कुटुंबं येतात. विकायचं घर असेल तर मी छोट्या कुटुंबालाच देईन, कारण नीट लावलेला ओटा आणि गॅलरीतली तुळस बघून गिऱ्हाईकाला घर कळतं.

कधी देऊच नये

संचकार झाला असेल, म्हणजे व्यवहार ठरून आगाऊ रक्कम घेतली असेल, तर खरेदीदाराच्या लेखी संमतीशिवाय कुणालाही आत घेऊ नका. उरलेल्या दोन-चार महिन्यांचं भाडं मिळवायला जाल आणि व्यवहारच मोडेल. घराची वायरिंग, गच्चीची गळती अशी कामं बाकी असतील तर ती आधी करा. राहत्या घरात ती दुप्पट खर्चाची होतात आणि भाडेकरू भाड्यातून कापून घेतो.

मालक अनेक असतील तर सगळ्यांच्या सह्या हव्यात, किंवा एकाच्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र हवं. एका भावानं परस्पर करार करून दिला आणि दुसऱ्यानं हरकत घेतली, तर बिचारा भाडेकरू मधल्यामधे अडकतो आणि घर विक्रीच्या बाजारातून कित्येक वर्षं बाहेर जातं. तिथे आधी सिटी सर्व्हे ऑफिसला जाऊन वारसांची नावं लावून घ्या, भाडेकरू त्यानंतर शोधा.